दापोडीच्या बागेतील फुलांचा चित्रकार

उष्ण प्रदेशातील फुलांची चित्रे म्हटली की मेरियन नॉर्थ या इंग्रज चित्रकर्त्रीचे नाव प्रथम आठवते. १८७१ च्या अखेरीस ती जमैका बेटावर पोहोचली व ओसाड पडलेल्या एका वनस्पती-उद्यानातील घरात राहून दिवसभर चित्रे काढू लागली. तिची आठशेहून अधिक चित्रे लंडनमधील क्यू येथील उद्यानात एका स्वतंत्र दालनात मांडलेली आहेत. हे दालन १८८२ मध्ये खुले झाले.

तिच्याही आधी महाराष्ट्रात असे काम झाले होते. पुण्याजवळील दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती-उद्यान स्थापन झाले. त्याचे अधीक्षक, स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात दीडशेहून अधिक वनस्पतींची जलरंगचित्रे काढवून घेतली.

अशा चित्रांचे महत्त्व काय? दाबून वाळविलेल्या नमुन्यात पानांची ठेवण टिकते. परंतु फुलाचा रंग उडतो व पाकळ्यांचा डौल नाहीसा होतो. फूल कोमेजण्यापूर्वी हे दोन्ही टिपून ठेवणे, हे चित्रकाराचे काम होय. त्यासाठी हाताइतकीच नजरही तयार असावी लागते.

ही चित्रे आज एडिनबरा येथील राजकीय वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत. त्यांचा कर्ता पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच ज्ञात आहे. त्याचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. नॉर्थबाईंचे नाव त्यांच्या दालनाला लाभले. दापोडीच्या चित्रकाराची ओळख मात्र त्याने रंगविलेल्या फुलांवरूनच करून घ्यावी लागते.