परसदारी सफरचंद : दुसरबीडच्या उन्हात काय शक्य, काय अशक्य

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातील गाव. येथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी घराच्या अंगणात वा शाळेच्या आवारात सफरचंद लावावे काय, हा प्रश्न आता वारंवार विचारला जातो. रोपांच्या मोहक जाहिरातींना भुलून खर्च करण्यापूर्वी या झाडाचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

थंडीची गरज

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील रूढ जातींना या काळात सुमारे ७ अंशांखालील थंडी साधारणतः ८०० ते १,२०० तास मिळावी लागते. ती न मिळाल्यास कळ्या नीट फुटत नाहीत. झाड जगले तरी फळत नाही. म्हणून बाजारातील सफरचंदाचे बी पेरून फळाची आशा धरणे व्यर्थ होय. शिवाय बियांपासून झालेले झाड मूळ जातीचे गुण राखत नाही.

मात्र अल्प थंडीत फळणाऱ्याही काही जाती आहेत. इस्रायलमधील ‘ॲना’ आणि बहामा बेटांवरील ‘डॉर्सेट गोल्डन’ या त्यांपैकी होत. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी श्री. हरिमन शर्मा यांनी ‘एचआरएमएन-९९’ ही जात निवडली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. इंडोनेशियातील पूर्व जावामधील बाटू येथे तर थंडीच्या अभावी फळतोडीनंतर पाने हाताने काढून झाडाला नवा बहार धरावयास लावतात.

लागवड

कलमी रोपच घ्यावे व जातीची खात्री करून घ्यावी. २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हात तापू द्यावा. पोयटा माती, कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड यांनी तो भरावा. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे उंचवटा करून त्यावर रोप लावावे. पाने गळालेले रोप डिसेंबर-जानेवारीत लावणे इष्ट. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिलाच पाहिजे. जोडाखालून येणारे खुंटाचे फुटवे वेळोवेळी काढून टाकावेत. ॲना व डॉर्सेट गोल्डन जवळजवळ लावल्यास परागीभवन चांगले होऊन फलधारणा वाढते.

निगा

पहिले दोन उन्हाळे ही खरी कसोटी होय. दुपारच्या उन्हापासून बचावासाठी पश्चिमेच्या बाजूस सावली करावी, खोडास चुना लावावा व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. तळाशी बारीक छिद्र पाडून वात बसविलेले मडके आळ्यात पुरल्यास थोड्या पाण्यात मुळांशी ओल टिकते. छाटणी हिवाळ्यात करावी. सुकलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. परंतु फळे धरणारे आखूड फुटवे कापू नयेत. पहिल्या दोन वर्षांतील फुले खुडून टाकावीत, म्हणजे झाडाचा बांधा मजबूत होतो. पुढे दाट लागलेली फळे विरळ करावीत.

विवेक हवा

सखल प्रदेशात अशा जातींची फळे ऐन उन्हाळ्यात तयार होतात. त्यांचा रंग व टिकाऊपणा काश्मिरी फळासारखा अपेक्षू नये. तेव्हा अंगणात वा शाळेत एक-दोन झाडे प्रयोग म्हणून लावावीत. विद्यार्थ्यांनी पानगळ, फुलोरा व तापमान यांची नोंद ठेवावी. परंतु पाण्याचा आधार नसलेल्या शेतकऱ्याने कर्ज काढून सफरचंदाची बाग उभारणे धोक्याचे आहे. ग्रामपंचायतीनेही रोपांची मोठी खरेदी करण्यापूर्वी कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. हलक्या, मुरमाड जमिनीत तग धरणारे सीताफळ व बोर ही आपल्या मातीची फळे आहेत. सफरचंदाच्या कौतुकात त्यांचा विसर पडू नये.