भायखळ्याचे स्थानक

(ज्या जागेतून आपण रोज जातो-येतो, तिलाही इतिहास असतो. मुंबईतील एका जुन्या रेल्वे स्थानकाची आणि ते जपण्यासाठी झालेल्या कामाची माहिती या पाठात दिली आहे.)

सकाळची वेळ आहे. भायखळ्याच्या फलाटावर लोकल गाडी येऊन थांबते. डब्यांतून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. कोणाला जे. जे. रुग्णालयात जायचे असते, कोणाला भाजीबाजारात, कोणाला कामावर. सुटीच्या दिवशी राणीच्या बागेत जाणारी मुलेही याच फलाटावर उतरतात. गाडी क्षणभर थांबते आणि निघून जाते. या घाईत स्थानकाच्या दगडी भिंतींकडे पाहायला कोणाला वेळ असतो? पण मुलांनो, या भिंतींनी फार मोठा काळ पाहिला आहे.

16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली. भारतातील प्रवाशांची ही पहिली आगगाडी. तिला चौदा डबे होते आणि त्यांत सुमारे चारशे पाहुणे बसले होते. गाडी ओढण्यासाठी तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी झाली आणि गाडी हलली. बैल नाहीत, घोडे नाहीत, तरी गाडी धावते आहे, हे पाहून लोक चकित झाले. ही रेल्वे सुरू व्हावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेतला होता.

या पहिल्या मार्गावरच भायखळ्याचे स्थानक होते. सुरुवातीला ते लाकडाचे होते. त्यानंतर 1857 साली तेथे दगडी इमारत उभी राहिली. बोरीबंदरची आजची भव्य इमारत 1888 साली पूर्ण झाली. म्हणजे भायखळ्याची इमारत तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठी आहे. देशात आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्थानकांपैकी ती एक आहे.

रेल्वेमुळे भायखळ्याचे रूप पालटले. देशावरचा कापूस मुंबईत येऊ लागला. आसपास कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरण्यांत कामाला आली. उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी जवळच मदनपुऱ्यात आपली वस्ती केली. गिरणीचा भोंगा वाजला की रस्ते माणसांनी फुलून जात. एकाच बाकावर मराठी, उर्दू, गुजराती बोलणारी माणसे शेजारी बसू लागली. एकमेकांची भाषा ती अशीच येता-जाता शिकली.

काळ बदलत गेला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. पुढे भायखळ्याच्या मार्गावरही विजेच्या तारा आल्या आणि इंजिनाचा धूर हळूहळू नाहीसा झाला. गिरण्यांचेही दिवस पालटले. 1982 साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. भोंगे थांबले, पण स्थानकाची गर्दी थांबली नाही.

मात्र या गर्दीत जुनी इमारत हरवत चालली होती. दगडांवर रंगाचे थर चढले. भिंतींवरून विजेच्या तारा लोंबू लागल्या. मूळचे सुंदर काम त्यांच्याआड झाकले गेले. इमारत डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नव्हती.

2019 साली तिच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले. नागरिकांची एक संस्था, जुन्या इमारतींच्या जाणकार वास्तुशिल्पी आणि रेल्वे यांनी मिळून हे काम हाती घेतले. काम सोपे नव्हते. वस्तुसंग्रहालयाला कुलूप लावून दुरुस्ती करता येते. पण रोज हजारो लोक ये-जा करतात ते स्थानक कसे बंद ठेवणार? त्यातच 2020 साली करोनाची साथ आली. मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी कित्येक महिने बंद राहिली. एरवी गजबजलेले फलाट ओस पडले. तरीही काम सोडून दिले गेले नाही. रंगाचे थर काढून मूळचा दगड मोकळा करण्यात आला. 2022 साली काम पूर्ण झाले. त्याच वर्षी युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतनाचा पुरस्कार दिला.

या कामात नवा महाल बांधला नाही. जे होते तेच जपले. गाड्या येतात, तिकिटे निघतात आणि त्याच जुन्या छताखाली माणसे उभी राहतात. म्हणून हा वारसा जिवंत आहे.

कारागिरांनी भिंत स्वच्छ केली. पण तिच्यावर थुंकायचे की नाही, आपले नाव कोरायचे की नाही, हे रोजचा प्रवासीच ठरवतो. आपल्या गावातील स्थानकावर पुन्हा जाल, तेव्हा एक क्षण थांबा आणि त्याच्याकडे नीट पाहा. ते किती जुने आहे, हे कोणाला तरी विचारा.

शब्दार्थ
लोंढा – मोठी गर्दी
पुढाकार घेणे – एखाद्या कामात प्रथम पुढे होणे
धुराडे – धूर बाहेर जाण्यासाठी बांधलेली उंच नळी
भोंगा – कामाची वेळ कळवणारा मोठा आवाज
ओस पडणे – माणसांवाचून रिकामे होणे
वारसा – पूर्वजांकडून मिळालेली ठेव

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या आगगाडीच्या तीन इंजिनांची नावे कोणती?
(आ) भायखळ्याची दगडी इमारत केव्हा उभी राहिली?
2. स्थानकाची दुरुस्ती करणे अवघड का होते?
3. वाक्यात उपयोग करा : चकित होणे, ओस पडणे.
4. ‘इमारत डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नव्हती.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.