यादीला यादी जोडताना



काट्यावरची वजनपावती हाती आली की आपण वजन बघतो आणि पावती खिशात घालतो. तिच्यावरचा सभासद क्रमांक फारसा कोणी वाचत नाही. आमचं म्हणणं, आधी तोच वाचावा.

चाकण, तळवडे, हिंजवडीकडे नोकरीला जाणारी आपली पोरं 'पायथन'चं नाव घेतात. ही संगणकाची भाषा. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली बाहेर आणली. समजा, एका यादीत नावं आहेत नि दुसरीत वजनं. संगणक एकेक नाव घेत पुढे जातो, त्याला 'लूप' म्हणतात. प्रत्येक नावाला वजन जोडायला 'झिप' असते. पिशवीच्या चेनचे दात बसतात तसा पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा.

गोम इथेच आहे. पाच जणांचा ऊस आला: १२.४, ९.८, १५.१, ११.६ आणि १४.२ टन. दुसरी पावती नोंदवायची राहिली. मग काय होतं? दुसऱ्याच्या नावावर तिसऱ्याचे १५.१ टन चढतात, तिसऱ्याला चौथ्याचे ११.६, चौथ्याला पाचव्याचे १४.२. पाचव्याला काहीच नाही! झिप आखूड यादी संपली की गुपचूप थांबते. बेरीजही नोंदलेल्या वजनांशी बरोबर जुळते, त्यामुळे तपासणाऱ्याला शंका येत नाही.

२०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीत 'स्ट्रिक्ट' अशी सोय झाली. याद्या लहानमोठ्या असतील तर काम अडतं. पण याद्या सारख्या आणि क्रम उलटसुलट असेल, तर तीही काही बोलत नाही.

म्हणून जागेवरून जोडूच नये, क्रमांकावरून जोडावं. पायथनमध्ये त्याला 'डिक्शनरी' आहे, आपल्या खातेवहीसारखीच. १०४१ क्रमांक काढला की त्याचंच वजन निघतं, आणि नोंद नसेल तर संगणक तसं सांगून थांबतो. नावावरून हे करता येत नाही, एकाच गावात एका नावाचे तिघे निघतात (आडनावासकट!). एका सभासदाच्या खेपा अनेक असतात, त्या त्याच क्रमांकाखाली मिळवायच्या.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या घाईत चुकलेला क्रमांक शोधणं जड जातं. तेव्हा पावती मिळताच तिच्यावरचा क्रमांक ऊसनोंदीच्या पावतीशी ताडून बघा. फरक दिसला तर दोन्ही पावत्या घेऊन त्याच दिवशी गट ऑफिसला या.