शिवडीच्या चिखलात उतरणारी विद्या

बारावीचा निकाल लागला की गिरगावापासून लालबागेपर्यंतचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: संगणक अभियांत्रिकीला जागा मिळेल ना? मुलाचा कल कोणता, याची चौकशी त्यांतल्या फार थोड्यांनी केलेली असते. वैद्यक, वाणिज्य, सनदी परीक्षा हे मार्ग सर्वपरिचित आहेत. त्यांविषयी येथे लिहीत नाही.

ज्याला वनस्पतिशास्त्राची, प्राणिशास्त्राची किंवा भूगोलाची ओढ आहे, त्याने परळहून जवळच असलेल्या शिवडीच्या बंदरावर ओहोटीच्या वेळी जावे. हिवाळ्यात रोहित पक्षी जेथे अन्न वेचतात, त्या काठाची धूप कोठे झाली, भराव वा भिंत कोठे आली, तिवरांचा, म्हणजे कांदळवनाचा, पट्टा किती रुंद उरला, त्याखाली नवी रोपे उगवतात की केवळ जुनीच झाडे तग धरून आहेत, भरतीचे पाणी आतवर पोहोचते की राडारोड्याने अडते, या सर्वांची टप्प्याटप्प्याने पाहणी करून ती नकाशावर उतरविणे, हे एका स्वतंत्र विद्येचे काम आहे. पुनरुज्जीवनाचा निर्णय याच नोंदींवर अवलंबून असतो. पाणी अडल्यामुळे तिवरे सुकत असतील तर रोपे लावण्याचा खर्च वाया जातो. पाण्याची वाट मोकळी केल्यास, जवळ जुनी झाडे असतील तेथे, रोपे पुष्कळदा आपोआप रुजतात. उघड्या चिखलावर सरसकट लागवड केली, तर पक्ष्यांचे अन्नक्षेत्रच नष्ट होते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या कोंडलेल्या काठांची किंमत शहराला कळली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, 2012 मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला, 2022 मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. या निर्णयांच्या अंमलबजावणीस काठ वाचणारी माणसे लागतात. विज्ञानाची पदवी, उपग्रहचित्रे व संख्याशास्त्र यांचा अभ्यास, पुढे वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, असा हा मार्ग आहे. आरंभीचे वेतन बेताचे असते आणि पुष्कळ नेमणुका मुदतीच्या असतात, हेही जाणून असावे.

पालकांना स्पष्ट सांगतो: शेजारच्या मुलाच्या पगाराचा आकडा तुमच्या मुलाच्या बुद्धीचा दाखला नव्हे. स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या आकांक्षेचा भार अठरा वर्षांच्या मुलावर टाकून, वर त्यालाच कर्तव्य म्हणणे, हा अन्याय आहे. आणि नको असलेल्या शाखेत नापास होऊन घरी तोंड चुकवीत वावरणाऱ्या मुलांना जे सोसावे लागते, त्याची भरपाई कोणतीही देणगी भरून होत नाही. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मुलाला त्याची इच्छा विचारा, आणि तो बोलत असताना त्याला मध्येच थांबवू नका.