वणव्याचा जमाखर्च

बेंगळुरूहून म्हैसूरमार्गे दक्षिणेस सुमारे २२० किलोमीटर गेले म्हणजे बंदीपूरचे अरण्य लागते. २०१९ च्या फेब्रुवारीत तेथे मोठा वणवा पेटला. तो विझविण्यास वायुदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले. उपग्रहाच्या चित्रांवरून जळालेले क्षेत्र सुमारे ४,४०० हेक्टर भरले. क्षेत्र मोजता येते, इंधनाचा व मजुरीचा खर्चही मांडता येतो. परंतु वणव्याचे सगळे नुकसान सरकारी वहीत उतरत नाही.

हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की बाष्प सामावून घेण्याची तिची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी तहानलेली हवा पाचोळ्यातील ओल शोषून घेते आणि मग एक ठिणगी पुरते. ठिणगी आपल्याकडे बहुधा माणसाच्या हातूनच पडते.

जळणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. बंदीपूरच्या पूर्वेस बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिग लोक राहतात. पूर्वी ते कोरड्या ऋतूत पाचोळा थोडाथोडा जाळीत. या ठेंगण्या, लवकर विझणाऱ्या आगीस ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि ही चाल बंद पडली. पुढे घाणेरीचे झुडूप माजले. १९९७ व २००८ च्या पाहण्यांत ते आढळलेल्या जागांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. आवळ्यावरील बांडगूळ त्या आगीने आटोक्यात राहत असे, असेही सोलिग सांगतात. केवळ आगबंदीमुळेच हे सारे घडले, असे मात्र सर्व शास्त्रज्ञ मानीत नाहीत. एवढे खरे, की वाळलेली घाणेरी पेटली म्हणजे ज्वाळा जमिनीलगत राहत नाहीत, फांद्यांना भिडतात.

आता घरचा हिशेब पाहू. मध, आवळा, दगडफूल विकून एखाद्या कुटुंबास वर्षाला वीस हजार रुपये मिळतात, असे उदाहरणापुरते धरू. वणव्याने त्यांतील पाच हजार गेले, तर त्या कमाईचा चौथा हिस्सा गेला. वर्षाला दहा लाख मिळविणाऱ्या शहरवासीयाचे तेवढेच रुपये गेले, तर त्याच्या मिळकतीचा दोनशेवा हिस्सा जातो. एकूण बेरजेत दोन्ही आकडे सारखेच दिसतात! शिवाय हंगामात रोजंदारीवर अग्निरक्षक म्हणून हिरव्या फांद्यांनी आग झोडपणारे अनेकदा याच वस्त्यांतील असतात, आणि आग कोणी लावली या चौकशीत पहिला संशयही पुष्कळदा त्यांच्यावरच येतो. २०११ मध्ये सोलिगांचे वनहक्क मान्य झाले; वनोपज गोळा करणे हा त्यांतील एक हक्क आहे. जळलेल्या रानात मात्र त्या वर्षी गोळा करण्याजोगे फारसे उरत नाही.