तारेवरून येणारी आज्ञावली

कार्यालयातील फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेली की पहिले मेज रिकामे होते. संगणकाची फाइल मात्र मूळ जागीच राहते व तिची प्रत दूरच्या संगणकावर उमटते. ही प्रत उतरवून घेण्याच्या क्रियेस 'डाउनलोड' म्हणतात. आज ती भ्रमणध्वनीवर एका स्पर्शाने होते. १९९५ च्या सुमारास तिच्यासाठी दूरध्वनीची तार आणि पुष्कळ धीर लागत असे.

या व्यवहाराच्या नियमांचा, म्हणजे 'एफटीपी'चा, पहिला मसुदा अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी मांडला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेत एम.आय.टी. येथे होते. निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांमध्येही फाइलींची देवघेव व्हावी, हा या नियमांचा हेतू होय. ऑक्टोबर १९८५ मध्ये त्यांना पुढे दीर्घकाळ टिकलेले रूप मिळाले.

अनेक विद्यापीठे आपली आज्ञावली-भांडारे सर्वांस खुली ठेवीत. आगंतुकाने नावाच्या जागी 'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे 'निनावी' असे लिहावे आणि परवलीच्या शब्दाऐवजी आपला ई-मेल पत्ता द्यावा, असा संकेत होता. निनावी म्हणवून पत्ता देण्याचा हा शिष्टाचार मौजेचाच म्हणावयाचा! सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांची लिनक्स प्रणाली फिनलंडमधील अशाच एका भांडारातून प्रथम उपलब्ध झाली. कोठे काय आहे हे शोधण्यासाठी कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात १९९० मध्ये 'आर्ची' हे साधन निर्माण झाले. ते फाइलीच्या केवळ नावावरून शोध घेई.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने एका फ्लॉपीभर, म्हणजे १.४४ मेगाबाइट, मजकूर उतरण्यास उत्तम स्थितीतही सुमारे वीस मिनिटे लागत. मध्येच तार तुटली आणि अर्धवट काम पुढे चालविण्याची सोय दोन्ही बाजूंस नसली, तर पुन्हा श्रीगणेशा.

नवशिक्यांची खरी फसगत निराळ्याच ठिकाणी होई. एफटीपीत 'मजकूर' व 'द्विमान' असे दोन प्रकार आहेत. ओळ कोठे संपते हे दर्शविण्याची खूण प्रत्येक प्रणालीत सारखी नसते; म्हणून मजकूर प्रकारात ती वाटेत बदलली जाते. पत्रासाठी हे उपकारक असते. आज्ञावलीत मात्र तोच अंक ओळीची खूण नसून सूचनेचा भाग असू शकतो. तो बदलला की फाइल संपूर्ण उतरलेली दिसे, परंतु चालत नसे. आणि दोष तारेला दिला जाई.

फाइल धडधाकट असणे व विश्वसनीय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील एका भांडारात 'टीसीपी रॅपर्स' या, संगणकाच्या दारावर पहारा देणाऱ्या आज्ञावलीतच, कोणी चोरवाट घालून ठेवली. भांडार नेहमीचे होते, नावही तेच होते. अशा वेळी फाइलीसोबतचा पडताळा-अंक पुरेसा नसतो, कारण घुसखोर तोही बदलू शकतो. मूळ कर्त्याची अंकीय स्वाक्षरी मात्र त्यास बनविता येत नाही. बदललेली प्रत त्या स्वाक्षरीशी जुळत नव्हती; ज्यांनी ताडून पाहिले, त्यांना ते कळू शकत होते.