घरचें रोजचें वाचन

आईबापहो, आज एका लहानशा परीक्षेपासून आरंभ करूं. आपल्या तिसरी-चौथींतील मुलास शाळेच्या पुस्तकांतला धडा वाचावयास सांगा. तें बहुधा भरभर वाचील. आतां पुस्तक मिटून त्याच्या हातीं जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा द्या. पुष्कळ मुलें येथें अडखळतात. कारण असें कीं, धडा त्यांस तोंडपाठ झालेला असतो. डोळे अक्षरें वाचीतच नसतात. असें मूल शाळा सोडून गुरांमागें किंवा शेतीच्या कामास लागलें, म्हणजे थोड्याच वर्षांत त्याची अक्षरओळख पुसट होते. आणि ज्या कागदावर तें सही करितें, त्यांत काय लिहिलें आहे हें त्याला दुसऱ्यास विचारावें लागतें.

शाळेंत एका गुरुजींपुढें पुष्कळ मुलें असतात. प्रत्येकाच्या वांट्यास मोठ्यानें वाचण्याचा वेळ फार थोडा येतो. ही उणीव घरींच भरून निघाली पाहिजे.

कोणी म्हणतील, "आम्हांसच वाचतां येत नाहीं, आम्हीं काय शिकवावें?" उत्तर सोपें आहे. मुलानें वाचावें आणि आपण ऐकावें. तें कसें, हें पुढें सांगतों.

१. वेळ ठरवा. दिवेलागणीनंतर भाकरी होईपर्यंत पाव तास पुरे. आठवड्यांतून एकदां दोन तास बसविण्यापेक्षां रोजचा पाव तास अधिक फळ देतो.

२. ऐका आणि विचारा. चुलीपाशीं बसलेल्या आईनें विचारावें, "मग पुढें काय झालें? त्यानें असें कां केलें?" जें मूल उत्तर देतें, तें समजून वाचतें.

३. अडल्यास रागावूं नका. जोडाक्षरें कठीण असतात. एकटा 'र' सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या ह्या शब्दांत निरनिराळीं रूपें घेतो. कोणास येत असल्यास शब्द सांगावा. नसल्यास तेथें खूण करून दुसऱ्या दिवशीं गुरुजींस विचारावें.

४. नवें वाचावयास द्या. आलेलें पत्र, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, गोष्टीचें पुस्तक, सर्व चालेल. गांवोगांवच्या उपदेशकांनीं पांच-दहा पुस्तकें पेटींत ठेवून घरोघर फिरवावीं.

५. मुलीस वगळूं नका. पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) वृत्तांत पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. पुढें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असतां लक्ष्मीबाईंनीं रमाबाईंस आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकविलें. घर स्थिर नव्हतें, शाळाहि नव्हती. शिकविणारी आई मात्र होती. त्याच मुलीनें पुढें मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. प्रत्येक मूल पंडित होईल असें नाहीं. परंतु प्रत्येकास आपलें पत्र आपण वाचतां यावें, इतकें तरी घरांतून साधेल.

तर आज रात्रींच मुलाच्या हातीं एक नवा कागद द्या. तें अडखळलें तर निराश होऊं नका. उद्यां पुन्हां त्याच वेळीं त्याला जवळ बसवा, आणि आपण ऐकावयास बसा.